हाकेला ओ

३ मार्च, सोमवार

आजपासून तारखा लिहून ठेवायच्या असं ठरवलं आहे. मागच्या खेपेला त्या लिहिल्या नाहीत, तीच चूक झाली. नवऱ्याला समोर बसवून विचारलं, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, कधी गेलो होतो, कोणत्या दिवशी, किती वाजता, सांग. माझ्याकडे नुसता संशय होता, तारीख नव्हती. तो सुटला, आणि सहा महिन्यांनी तिच्याकडेच राहायला गेला. तेव्हापासून मला कोणी म्हणालं की तू उगाच संशय घेतेस, तर मी ऐकून घेते. एकदा खरा निघाला आहे, एवढं मला पुरतं.

तर नोंद अशी. बाबा सकाळी सहा वाजता दुधाला म्हणून बाहेर पडले आणि सात वाजून दहा मिनिटांनी परत आले. दुधाचं दुकान तीन मिनिटांवर आहे. दाढी गुळगुळीत, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत, बूट पुसलेले. दुधाला जाताना बूट कोण पुसतं? पूर्वी आई जायची तेव्हा तिलाही तासभर लागायचाच, पण आईचं वेगळं होतं. ती रस्त्यात भेटेल त्याच्याशी बोलत उभी राहायची. बाबा कोणाशी बोलत नाहीत. माझ्याशीही कामापुरतंच.

आईला जाऊन दहा महिने झाले. बाबांचं वय बाहत्तर.

५ मार्च, बुधवार

चर्चचे पाळकसाहेब कारखान्यात आले होते. कारखाना म्हणजे खाली एक लांब खोली, थडग्यांचे दगड घडवायची. वर आम्ही राहतो, म्हणजे आता मी आणि बाबा. बाबांनी पन्नास वर्षं अक्षरं कोरली. चार वर्षांपूर्वी त्यांचा हात थरथरायला लागला. तेव्हापासून ते दगडावर ब्रशाने अक्षरं काढून देतात आणि छिन्नी मी चालवते. आधी शिरोरेषा, मग उभे काने, मग अक्षरांची पोटं, मग मात्रा, आणि अनुस्वार सगळ्यात शेवटी, कारण टिंब उडालं की दगड गेला. हा त्यांचा क्रम आहे आणि मी तो मोडत नाही.

सगळ्यांचे दगड वेळेवर देणाऱ्या आमच्या घरात आईचाच दगड दहा महिने कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभा आहे. साहेबांनी तेच विचारलं. पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टरच्या रविवारी पहाटेची उपासना दफनभूमीत असते, त्याच्या आत दगड बसला तर बरं दिसेल म्हणाले. मजकूर काय, तर नेहमीचा. अमुक यांची पत्नी, येथे निजली आहे. बाबा म्हणाले, "बघू." पन्नास वर्षांत ते कुठल्या गिऱ्हाइकाला 'बघू' म्हणाल्याचं मला आठवत नाही.

दगड जोडीचा आहे. डावी बाजू आईची, उजवी बाबांची, त्यांची वेळ येईल तेव्हाची. दोघं धडधाकट असताना खाणीत जाऊन त्यांनी तो मिळून निवडला होता. त्या दिवशी आई दगडावर बसून पाहत होती, गार आहे का म्हणून.

९ मार्च, रविवार

उपदेश प्रभूच्या रिकाम्या कबरेवर होता. बायका पहाटे सुगंधी द्रव्यं घेऊन निघाल्या, वाटेत त्यांना एकच काळजी, की कबरेच्या तोंडावरचा दगड कोण बाजूला करणार. जाऊन पाहतात तर दगड आधीच सरकवलेला. साहेब आनंदाने सांगत होते. मी दगडाचं काम करते. तसा दगड एका माणसाच्याने हलत नाही, आणि तिथे तर पहारा होता. शिष्यांनीच प्रेत चोरलं अशी त्या वेळी बोलवा होती. मी तिथे असते तर मीही तेच म्हटलं असतं. साऱ्या शिष्यांत मला एकच पटतो, हात लावून पाहिल्याशिवाय मानणार नाही म्हणणारा. त्याचं नाव लोक नाक मुरडून घेतात. माझ्या कारखान्यात असा एक असता तर मी त्याला खुशाल कामाला ठेवलं असतं.

आणि 'निजली' हा शब्द मला खपत नाही. आई झोपेत गेली हे खरं, पण निजलेली बाई भांडं पडलं की उठते. त्या सकाळी माझ्या हातून कढई पडली होती आणि ती उठली नाही.

पेटी आता शाळामास्तर वाजवतात. पूर्वी चाळीस वर्षं पेटीबाई वाजवायच्या. दृष्टी गेल्यापासून त्या येत नाहीत. सूर चुकतो म्हणून त्यांनी आईला सगळ्यांसमोर गायनमंडळातून काढलं होतं. आई ते हसत सांगायची, मी मात्र त्यांना माफ केलेलं नाही. शेवटचं पाहिलं ते आईच्या दफनाला. कोणीतरी धरून आणून त्यांना पेटीशी बसवलं होतं, आणि त्या दिवशी सूर त्यांचाच चुकत होता.

असो. मुख्य नोंद वेगळी. उपासना सुटल्यावर आमच्या समोरच्या दुकानातली शिवणबाई बाबांच्या जवळ आली आणि हळूच म्हणाली, "उद्या थोडं लवकर या." मला पाहून ती लगेच साहेबांच्या अंगरख्याविषयी बोलायला लागली. शिवणबाई विधवा आहे, पंचावन्नची असेल, आणि दिसायला बरी आहे.

१० मार्च, सोमवार

पावणेसहाला गेले. सात दहा.

१४ मार्च, शुक्रवार

बाबांच्या कोटाच्या बाहीवर केस सापडला. पांढरा, हातभर लांब. शिवणबाईचे केस काळेभोर आहेत. म्हणजे एक तर ती रंगवते, किंवा आणखी कोणीतरी आहे. या वयात दोन असतील असं मला वाटत नाही, पण मी काहीच नाकारणार नाही.

केस या पानाला चिकटवून ठेवला आहे.

१५ मार्च, शनिवार

आईचा कंगवा जागेवर नाही. शिंगाचा, एक दात तुटलेला. फडताळात आईच्या वस्तू जशाच्या तशा ठेवल्या आहेत, त्यात तेवढी जागा रिकामी. बाबांना विचारलं, तर म्हणाले, "वापरात आहे." कोणाच्या, हे विचारायला माझी जीभ रेटली नाही. बाकी सगळं चालवून घेतलं असतं. आईचा कंगवा दुसऱ्या बाईच्या डोक्यात जातो हे मला सहन होत नाही. दिवसभर छिन्नी नीट चालली नाही, एक वेलांटी फुटली.

२१ मार्च, शुक्रवार

अखेर मजकुराचा कागद मिळाला, आणि माझी खात्री पटली.

बाबांनी स्वतःच्याच हाताने आधी साहेब म्हणाले तसं लिहिलं होतं. आईचं नाव, खाली 'अमुक यांची पत्नी', खाली 'येथे निजली आहे'. मग खालच्या दोन्ही ओळींवर काट मारलेली. उरलं नुसतं नाव. मी विचारलं, 'निजली' काढलं ते समजू शकते, पण 'पत्नी' का? ते म्हणाले, निजणं तिला कधी जमलंच नाही म्हणून ते काढलं, आणि पत्नी म्हणशील तर तिथे कोणी कोणाचा नवरा नसतो, कोणी कोणाची बायको नसते. शास्त्रातच आहे, सात नवरे झालेल्या बाईची गोष्ट आठव.

मला ती गोष्ट आठवते. सात भावांशी एकामागून एक लग्न झालेली बाई, पुनरुत्थानात नक्की कोणाची, असा खोचक प्रश्न होता, आणि उत्तर आलं की तिथे लग्नच नसतं. छान आहे. म्हणजे बाबांनी पळवाट काढली तीही शास्त्रातून. माझ्या नवऱ्याला एवढी अक्कल नव्हती, त्याने नुसतं 'आपलं पटत नाही' म्हटलं होतं.

उजव्या बाजूचं विचारलं. तुमचं नाव आणि जन्मसाल आत्ताच कोरून ठेवू का, बाकीचे लोक ठेवतात. ते म्हणाले, "माझं नको. ती बाजूही राहू दे." पन्नास वर्षं जिच्याशेजारी झोपले तिच्याशेजारी आता मातीतही नको.

२७ मार्च, गुरुवार

बाबांच्या टेबलावर सुतळीचे तीन पेड घेऊन घातलेली वेणी सापडली. सैल, मध्येच सुटलेली. शेजारी आणखी एक, जरा बरी. आणि तिसरी, अगदी घट्ट. विचारलं, तर दोरी तपासतोय म्हणाले. रेषा आखायच्या दोरीला वेणी कशाला लागते? लपवायचं असतं तेव्हा माणूस काहीही सांगतो. बहुतेक त्या बाईला हातात बांधायला काहीतरी करत असावेत. तिन्ही मी कचऱ्यात टाकल्या. दुपारी चौथी दिसली.

३ एप्रिल, गुरुवार

ठरलं. बाबा रोज सकाळी एक तास दहा मिनिटं घरात नसतात, ती वेळ माझी. ते गेले की ताडपत्री काढायची, ते यायच्या आधी पांघरायची. आईचं नाव, खाली 'यांची पत्नी', आणि उजव्या बाजूला बाबांचं नाव आणि जन्मसाल, सगळं खोल कोरायचं. दगडात खोडता येत नाही. मग बघू कुठे जातात.

ब्रश मीच चालवला. बाबांच्या वळणाची नक्कल मला उत्तम येते.

५ एप्रिल, शनिवार

आईचं नाव झालं. कोरताना जाणवलं, हे नाव मी कधी तोंडाने घेतलेलं नाही. घ्यायचं कारणच नव्हतं. इथे वहीतही लिहायला हात धजत नाही. तीन अक्षरं, एकाला काना, एकाला वेलांटी.

९ एप्रिल, बुधवार

सगळं झालं. बाबांच्या नावातला अनुस्वार शेवटी घेतला, उडाला नाही. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात स्वच्छ काम आहे. मन मात्र स्वच्छ वाटत नाही. नीट झोप लागत नाही.

१२ एप्रिल, शनिवार

बाबांनी आज स्वतःच ताडपत्री काढली. मी तिथेच होते. त्यांनी चष्मा लावला, शिरोरेषेवरून बोट फिरवत शेवटपर्यंत गेले, स्वतःच्या नावापाशी थांबले, आणि स्टुलावर बसले.

"हात चांगला बसलाय तुझा," म्हणाले. "पण हे चालायचं नाही."

मग मी सगळं बोलले. वहीच आणली. तीन मार्चपासून वाचून दाखवलं. वेळा, बूट, 'उद्या थोडं लवकर या', केस, कंगवा, सुतळी. म्हटलं, एका माणसाने मला फसवलं तेव्हा माझ्याकडे तारखा नव्हत्या, आता आहेत. आईला जाऊन वर्षही झालं नाही. माझा आवाज चढला, आणि मी रडले, हेही लिहिते. रडायचं नाही असं ठरवलं होतं.

शेवटी बाबा म्हणाले, केस हातभर लांब होता हे बरोबर लिहिलंस. आणि हसले. त्या हसण्याचा मला इतका राग आला की मी छिन्नी जमिनीवर टाकली.

"कुठे जाता ते सांगा."

"तुझ्या आईला शब्द दिलाय, फौजदार. कोणाला सांगायचं नाही." मी लहान असल्यापासून ते मला फौजदार म्हणतात.

मी म्हटलं, मेलेल्या माणसाला दिलेला शब्द कोण तपासायला येणार आहे.

"तेच तर," ते म्हणाले. "ती मेली आणि संपली असती, तर शब्दही संपला असता. मग मी सकाळी कशाला उठलो असतो? मेलेले उठतात का, ते मी पाहिलेलं नाही. पण उठणार आहेत असं धरून चाललं, की साडेपाचला मला उठता येतं."

हे फिरवाफिरवीचं बोलणं मला पटलं नाही. मी विचारलं, मग 'पत्नी' का नको. त्यांनी आईच्या नावावर बोट ठेवलं.

"या घरात तिला नावाने हाक कोणी मारली, सांग. मी 'अगं' म्हणायचो. तू आई म्हणायचीस. गिऱ्हाइकं कारागिराची बायको म्हणायची. शेवटच्या दिवशी मेलेल्यांना हाक येईल ती नावाने येईल, आणि ओ तिची तिने द्यायची आहे. दगडावर माझं नाव दिसलं तर तिला वाटेल, हाक यांनाच आहे. आणि ती सवयीने उठून माझं पाणी तापवायला जाईल."

ऐकायला बरं आहे, पण पटलं असं नव्हे. शब्द दिला हे खरं कशावरून? सोमवारी मागोमाग जाणार.

१४ एप्रिल, सोमवार

जसं पाहिलं तसं लिहिते.

बाबा दुधाच्या दुकानात गेले, पिशवी घेतली, मागच्या गल्लीत वळले. चार मजली जुनी इमारत, जिन्याला कठडा एकाच बाजूला. पहिल्या मजल्यावर शिवणबाई राहते, हे मला माहीत होतं. पण बाबा थांबले नाहीत, तिसऱ्यावर गेले. मी खालच्या वळणावर उभी राहिले. थोड्या वेळाने शिवणबाई तिथल्याच दारातून रिकामी बादली घेऊन बाहेर आली, बाह्या वर सरकवलेल्या, हात ओले. ती दुसऱ्या टोकाला मोरीकडे गेली, मी वर चढून फटीतून पाहिलं.

खोलीत खुर्चीवर पेटीबाई बसल्या होत्या. किती लहान झाल्या आहेत. नुकती अंघोळ झालेली, खांद्यावर टॉवेल. बाबा मागे उभे राहून आईच्या कंगव्याने त्यांचे केस विंचरत होते, आणि मग त्यांनी त्या थरथरत्या हातांनी तीन पेड घेतले आणि वेणी घालायला लागले. ओठ मिटून, जसे ते मोजमाप घेताना मिटतात तसे.

पेटीबाईंनी आईच्या नावाने हाक मारली. स्पष्ट, पूर्ण नाव. आणि म्हणाल्या, "आज बरी जमली."

बाबांनी 'ओ' दिली.

मी जिन्यावरून खाली आले. बाबांवरचा एक संशय गेला आणि दुसरा आला. आंधळ्या म्हातारीला आई जिवंत आहे असं भासवतात? रोज? आईच्या नावाने ओ देऊन? हे त्याहून वाईट आहे की चांगलं, हे मला ठरवता येत नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

शिवणबाईकडे गेले आणि सरळ विचारलं. ती यंत्रावरून उठली, दार लावून घेतलं, आणि तोंडातल्या टाचण्या काढून एकेक करून उशीत खोचत बोलली.

पेटीबाईंना एकटीने अंघोळ, केस जमत नाहीत, हे बाहेर कळलं तर त्यांचा पुतण्या त्यांना लगेच वृद्धाश्रमात नेऊन ठेवणार. तो महिन्यातून एकदा येतो, नीटनेटक्या बसलेल्या पाहतो आणि जातो. त्या खोलीत त्यांची पेटी आहे, ती सोडून त्या जगणार नाहीत. आई सहा वर्षं रोज जायची. मरायच्या आदल्या आठवड्यात, छातीत दुखायला लागलं तेव्हा, तिने बाबांकडून शब्द घेतला. बाबांनी घरातल्या बाईचीही वेणी कधी घातली नव्हती. अंघोळ शिवणबाई घालते, बाकीचं ते करतात. मला का नाही सांगितलं, तर माझ्या तोंडून निघालं नसतं पण चेहऱ्यावर दिसलं असतं, असं आईचंच म्हणणं होतं.

सहा वर्षं. म्हणजे आई रस्त्यात कोणाशीच बोलत उभी राहत नव्हती.

मी म्हटलं, ते ठीक आहे, पण म्हातारीला फसवता ते का. शिवणबाई माझ्याकडे बघतच राहिली. "त्यांना कोण फसवणार?" ती म्हणाली. "दफनाला पेटी कोणी वाजवली, विसरलात?"

विसरले नव्हते. मीच लिहून ठेवलं होतं, नऊ मार्चला.

१६ एप्रिल, बुधवार

दगड पाठीमागून घडवायचं ठरलं. पुढची बाजू घासून उतरवायला वेळ नाही. दफनभूमीत आईची जागा भिंतीलगत आहे, कोरलेली बाजू भिंतीकडे जाईल, कोणाला दिसणार नाही. बाबा म्हणाले, "राहू दे. मी आलो की फिरवा. फुकट जायचं नाही." मी माफी मागितली. त्यांनी अनुस्वार फार छान आलाय म्हटलं. एवढंच झालं. आमच्या घरात यापेक्षा जास्त होत नाही.

दगड फिरवताना पहार निसटली आणि बाबांचं उजवं मनगट मुरगळलं. टम्म सुजलं आहे. मी फिरवू नका म्हटलं होतं.

१७ एप्रिल, गुरुवार

बाबांनी डाव्या हाताने नाव काढून दिलं. अक्षरं वाकडी आली. सरळ करू का विचारलं. म्हणाले, शिरोरेषा तेवढी सरळ घे, बाकी राहू दे, तिचाही सूर थोडा हललेलाच असायचा.

१९ एप्रिल, शनिवार

काल गुड फ्रायडे, कारखाना बंद होता. आज दुपारी दगड बसवला. लिहायचं आहे ते सकाळचं.

शिवणबाईने दोन दिवस सगळं एकटीने केलं, पण आज तिला उद्याचे कपडे द्यायचे होते, म्हणून ती अंघोळ घालून खाली गेली. वेणीला मी गेले. बाबांनी पाठवलं नाही. मनगटाला पट्टी बांधून दुधाची पिशवी घेऊन दारात नुसते उभे राहिले, आणि मी ती त्यांच्या हातातून घेतली.

आईचा कंगवा हातात घेतला, तुटलेल्या दातावरून बोट फिरवलं आणि विंचरायला लागले. मग पेटीबाईंनी आईच्या नावाने हाक मारली, आणि थांबल्या.

माझ्या तोंडून ओ निघेना. खोटं बोलल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, मी तिची मुलगी आहे.

"ते कळलं. जिना चढताना दोनदा थांबलीस. ती कधी थांबायची नाही."

"आई गेली, हे तुम्हाला माहीत आहे."

"माझ्यासमोर पुरली तिला."

"मग हाक कशाला मारता?"

त्यांनी हात मागे आणून वेणी चाचपली, कुठपर्यंत आली ते. म्हणाल्या, "नाव वापरात राहायला पाहिजे. न वापरलेली पेटी एका पावसाळ्यात बिघडते." मला वाटलं, बोलणं झालं. पण झालं नव्हतं.

"मी तिला सगळ्यांसमोर काढलं होतं. माझी नजर गेली, तेव्हा या दारात पहिली ती आली. पाणी घेऊन खाली बसली आणि माझे पाय धुतले. मी म्हटलं, का गं? तर म्हणाली, बाई, पाणी गार होतंय." त्यांनी मान हलवली, वेणी माझ्या हातातून सुटली. "कबर रिकामी होती, हे मानायला मला कधीच जड गेलं नाही. हे मानायला गेलं."

मी वेणी पुन्हा घातली. घट्ट झाली असावी, कारण त्या 'हं' म्हणाल्या. निघताना मी विचारलं, उद्या पहाटे येणार का दफनभूमीत. खुर्चीवर बसवून आणू. पुतण्याने पाहिलं तर पाहू दे, म्हणावं वेणी कशी आहे बघ.

जिना उतरताना लक्षात आलं, त्यांनी हाक मारली त्याला अजून उत्तर गेलेलं नाही. ते दिवसभर डोक्यात राहिलं.

२० एप्रिल, रविवार

पहाटेची उपासना झाली. साहेबांनी तीच गोष्ट वाचली, बायका आणि दगड. या वेळी एक ऐकलं, जे मी दरवर्षी ऐकत असून ऐकलं नव्हतं. त्यांतली एक बाई कबरेपाशी रडत असते, समोर उठलेला प्रभू उभा असतो, तरी तिला ओळखू येत नाही, तिला वाटतं माळीच आहे, आणि याने प्रेत कुठेतरी नेऊन ठेवलं असेल. म्हणजे संशय तिलाही होता. मला बरं वाटलं. तो तिला काही समजावत बसत नाही. फक्त तिच्या नावाने हाक मारतो.

मग सगळे आपापल्या माणसांच्या दगडांपाशी गेले. उजाडत होतं. शिवणबाईने आणि मी पेटीबाईंना खुर्चीसकट आईच्या दगडापाशी नेलं. बाबा पट्टी बांधलेला हात पोटाशी धरून उभे होते. दगडावर नाव आणि काही नाही. दोन गिऱ्हाइकांनी जवळ येऊन विचारलं, काम अर्धं राहिलं का. बाबा म्हणाले, नाही.

पेटीबाईंनी हात पुढे केला. मी तो धरून शिरोरेषेवर ठेवला. त्यांनी बोट हळूहळू डावीकडून उजवीकडे नेलं, मग पहिल्या अक्षरात उतरल्या, काना चाचपला, दुसरं, मग वेलांटी वरून खालपर्यंत. वाकडेपणा लागला तिथे जरा थबकल्या. शेवटच्या अक्षरावर हात तसाच ठेवून त्यांनी ते नाव मोठ्याने वाचलं. वाचलं म्हणते, पण त्यांना वाचायची सवय कुठली. त्यांच्या तोंडून ती हाकच निघाली, रोज सकाळी निघते तशी, जरा वरच्या सुरात, आणि त्या उत्तरासाठी थांबल्या.

बाबांनी ओ दिली नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी दगडाकडे पाहिलं. एवढ्या सगळ्या माणसांत ते नाव तसंच उघड्यावर राहिलं होतं, आणि ते तसं राहिलेलं मला बघवेना.

"ओ," असं ऐकू आलं.

पेटीबाई हसल्या. बाबांनी चष्मा काढून पुसला. दगडाला मी हात लावून पाहिला, गार होता.

वेळ सहा वाजून बारा मिनिटं. ओ कोणी दिली हे मी नक्की सांगू शकत नाही. आवाज माझा होता, असा मला संशय आहे.